चार घटकांचा मेळ

अर्थशास्त्राच्या अभ्यासाला आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच एक यादी शिकविली जाते. उत्पादनाचे घटक चार : भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन. भूमीचा मोबदला खंड, श्रमाचा मोबदला वेतन, भांडवलाचा व्याज आणि संयोजकाचा नफा. चार नावे आणि त्यांच्यासमोर चार मोबदले. विद्यार्थी ती पाढ्यासारखी पाठ करतो, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत उतरवितो, आणि परीक्षा संपली की बहुधा विसरूनही जातो. उदाहरण द्यावयाचे झाले तर शिक्षक ॲडम स्मिथच्या 1776 सालच्या ग्रंथातील टाचण्यांच्या कारखान्याचे देतात. दहा माणसे काम वाटून घेतात आणि दिवसाकाठी 48,000 टाचण्या तयार होतात, हे ते प्रसिद्ध उदाहरण. ते चांगले आहे, यात शंका नाही. परंतु ते दूरचे आहे. शिवाय त्यात कारखाना आधीच उभा असतो. तो उभा कसा राहिला, त्याच्यासाठी लागणाऱ्या चार गोष्टी एका ठिकाणी कोणी, केव्हा आणि कोणत्या किमतीला आणल्या, हा प्रश्न त्या टाचण्यांमधून निघत नाही.

छत्तीसगडमधील भिलाई शहरात स्मृतिनगर नावाची एक वसाहत आहे. तेथे राहून हा धडा शिकणाऱ्या मुलाला उदाहरणासाठी स्कॉटलंडला जाण्याची मुळीच आवश्यकता नाही. ज्या शहरात तो राहतो ते शहर ह्या चार घटकांच्या मीलनातूनच जन्माला आले आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारे लोहखनिज दक्षिणेकडील दल्ली-राजहराच्या टेकड्यांमधून येत आले. ते खनिज तेथे युगानुयुगे पडून होते. 1904 साली ते एका मोठ्या उद्योजक घराण्याच्या दृष्टीस पडले. असे असूनही भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली ती 1959 साली. मध्ये 55 वर्षे गेली. भूमी तीच, खनिजही तेच. मग ही 55 वर्षे का गेली? ह्या एका प्रश्नाचे उत्तर ज्या विद्यार्थ्याला नीट सांगता येईल, त्याला उत्पादनाचे घटक समजले असे मी म्हणेन. आणि मराठी श्रोत्यांना ह्या कथेत विशेष रस वाटावा, कारण तिचा आरंभ आपल्या चांद्यात होतो आणि तिचे पहिले वळण नागपुरात येते.

परंतु त्या कथेकडे वळण्यापूर्वी, हे शास्त्र मराठीत कसे आले ते थोडक्यात पाहू. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी 1849 साली ‘लक्ष्मीज्ञान’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. देशाला संपत्ती कशी प्राप्त होते आणि ती कशी नाहीशी होते, हे सामान्य वाचकाला समजावून सांगावे हा त्यांचा हेतू होता. लोकहितवादी सरकारी नोकरीत होते. न्यायदानाचे काम करीत असताना लोकांचे दारिद्र्य त्यांच्यासमोर रोज उभे राहत होते, आणि त्याचे कारण शोधणे त्यांना आपले कर्तव्य वाटले. पुढे 1855 साली कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ लिहिली. नवे शास्त्र आपल्या भाषेत आणावयाचे तर प्रथम शब्द घडवावे लागतात, हे त्यांनी ओळखले होते. ह्याच प्रकारचे काम छत्तीसगडच्या भूमीवर एका मराठी माणसाने हिंदीसाठी केले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नसते. माधवराव सप्रे यांनी 1900 साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगड मित्र’ हे मासिक सुरू केले, आणि काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या शास्त्रीय परिभाषाकोशातील अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम त्यांनी केले. भिलाईतील मुले आज हा विषय हिंदीतून वाचतात, त्या परिभाषेच्या पायाशी एका मराठी माणसाचेही श्रम आहेत.

ह्या पहिल्या पिढीने इंग्रजी सिद्धांत मराठीत आणले. ते आपल्या देशाला लागू पडतात की नाही, हे पारखण्याचे काम न्यायमूर्ती रानडे यांनी केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1892 साली त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्याचा एक मुद्दा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. इंग्रजी शास्त्रकार गृहीत धरतात की, जेथे लाभ आहे तेथे भांडवल आपण होऊन धाव घेते आणि श्रमही तिकडे वळतो. रानडे म्हणाले की, ह्या देशात तसे घडत नाही. येथे श्रम गावाला आणि जातीला बांधलेला आहे, भांडवल थोडे आहे आणि जे आहे ते भित्रे आहे. म्हणून येथे हे घटक आपोआप एकत्र येतील असे मानून स्वस्थ बसता येणार नाही. त्याच वर्षी लोखंडाच्या उद्योगावर लिहिलेल्या निबंधात त्यांनी त्या उद्योगाच्या आरंभीच्या प्रयत्नांचा इतिहास मांडला. मद्रासकडे पोर्टो नोव्हो येथे हीथ नावाच्या इंग्रज गृहस्थाने काढलेला कारखाना त्यात आहे. खनिज उत्तम होते, परंतु जळणाला लाकडी कोळसा पुरेना आणि भांडवल अपुरे पडले. अशा उद्योगांना आरंभीच्या काळात राज्यसंस्थेने हात दिला पाहिजे, हा रानड्यांचा निष्कर्ष होता. भिलाईची भट्टी पेटण्याच्या 67 वर्षे आधी तो लिहिला गेला, हे ध्यानात ठेवू.

आता चांद्याकडे वळू. नागपुरात एम्प्रेस मिल सुरू करून जमशेटजी टाटांनी 1877 सालीच मध्यप्रांताशी आपला संबंध जोडला होता. 1882 साली रिटर फॉन श्वार्ट्झ ह्या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहारा येथील खनिज उत्तम प्रतीचे आहे आणि जवळच वरोऱ्याला दगडी कोळशाची खाण आहे, असे त्यावरून दिसत होते. भूमी आहे, भांडवल आहे आणि संयोजक तर स्वतः जमशेटजी! पुस्तकी हिशेबाने कारखाना निघावयास हरकत नव्हती. परंतु वरोऱ्याचा कोळसा कोक करण्यास अयोग्य ठरला, आणि सरकारचे खाणविषयक नियम इतके जाचक होते की कोणा खाजगी माणसाने त्यात पैसा घालण्याचे धाडस करू नये. विचार बाजूला पडला, पण तो जमशेटजींच्या मनातून गेला नाही. 1899 साली कर्झनच्या राजवटीत ते नियम सैल झाले. 1902 साली जमशेटजी अमेरिकेला गेले आणि चार्ल्स पेज पेरिन ह्या अभियंत्याला त्यांनी आपल्या कामी घेतले. पेरिनचे सहकारी भूगर्भतज्ज्ञ वेल्ड 1904 च्या उन्हाळ्यात चांद्याच्या रानात हिंडू लागले. त्यांना खनिज मिळाले, पण ते विखुरलेले होते. मोठा कारखाना वर्षानुवर्षे चालावा एवढा साठा एका ठिकाणी नव्हता.

चांद्याचा नाद सोडल्याचे सांगण्यासाठी दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात गेले. ज्यांना भेटावयाचे ते अधिकारी त्या वेळी जागेवर नव्हते. वेळ घालविण्यासाठी दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला ‘अजब बंगला’ म्हणतात तेच हे संग्रहालय. तेथे भिंतीवर मध्यप्रांताचा भूगर्भीय नकाशा लावलेला होता, आणि त्यात आजच्या दुर्ग-बालोद भागात लोहखनिजाची खूण गडद रंगाने दाखविलेली होती. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी रायपूर जिल्ह्याच्या त्या पश्चिम भागातील लोहउद्योगाची माहिती 1887 सालीच प्रसिद्ध केली होती. वेल्ड आणि त्यांचे सहकारी दल्ली-राजहराला पोहोचले, तो समोर लोखंडाची टेकडीच उभी! त्या खनिजात लोखंडाचे प्रमाण 60 टक्क्यांहून अधिक होते.

येथे क्षणभर थांबून एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. बोस काय किंवा वेल्ड काय, त्यांनी ह्या लोखंडाचा ‘शोध’ लावला असे आपण म्हणतो. परंतु त्या मुलखातले अगरिया आणि इतर लोहार मातीच्या लहान भट्ट्यांतून, लाकडी कोळशावर, भात्याच्या वाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या लोखंड काढीतच होते. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा ह्या त्यांच्या वस्तू आसपासच्या बाजारांत खपत. म्हणजे तेथेही चार घटक होतेच. टेकडीवरचा दगड ही भूमी, कुटुंबाचे कष्ट हा श्रम, भट्टी आणि भाता हे भांडवल, आणि संयोजक तो लोहारच. प्रमाण लहान, पण मेळ पुरा. विलायतेचे स्वस्त लोखंड आगगाडीने आले आणि जंगलाचे कायदे कडक होऊन कोळसा मिळेनासा झाला, तेव्हा तो मेळ मोडला. विद्यार्थ्याने हे अवश्य शिकावे. घटक एकत्र येतात, तसे ते विखरूनही जातात.

आता मुख्य प्रश्न. एवढी लोखंडाची टेकडी सापडूनही टाटांनी तेथे कारखाना का काढला नाही? उत्तर साधे आहे. पोलाद केवळ खनिजातून होत नाही. त्या काळच्या भट्टीला एक टन कच्चे लोखंड काढण्यासाठी ढोबळ मानाने दीड टनाहून अधिक खनिज, जवळजवळ एक टन कोक आणि त्याखेरीज चुनखडी लागे. एक टन कोकसाठी त्याहून बराच अधिक कोळसा जाळावा लागतो. कोकयोग्य कोळसा होता झरियाच्या बाजूला, शेकडो किलोमीटर दूर. आणि कारखान्याला बारमाही पाणी पुरवील अशी नदी टेकडीजवळ नव्हती. महानदीच्या काठी, संबळपूरजवळ पदमपूरला कारखाना काढावा असाही विचार झाला. पण दरम्यान प्रमथनाथ बोस यांचे पत्र आलेले होते. ते आता मयूरभंज संस्थानच्या सेवेत होते, आणि 24 फेब्रुवारी 1904 च्या पत्रात त्यांनी तेथील गुरुमहिषाणीच्या खनिजाची माहिती जमशेटजींना कळविली होती. तेथे लोखंड, कोळसा आणि पाणी परस्परांच्या बरेच जवळ होते. जमशेटजी 19 मे 1904 रोजी निवर्तले, परंतु त्यांच्या वारसांनी सुवर्णरेखा आणि खरकाई ह्या नद्यांच्या संगमाजवळचे साकची हे गाव निवडले. आजचे जमशेदपूर ते हेच.

भांडवलाची कथाही तितकीच बोधप्रद आहे. प्रथम पैसा लंडनच्या बाजारात उभा करण्याचा प्रयत्न झाला. तो फसला. मग ऑगस्ट 1907 मध्ये टाटांनी आपल्याच लोकांना आवाहन केले. स्वदेशीच्या चळवळीने वातावरण भारलेले होते. सुमारे तीन आठवड्यांत 8,000 च्या आसपास भारतीयांनी 16 लाख 30 हजार पौंडांचे भागभांडवल उभे केले. पुढे चालू खर्चासाठी 4 लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, ते सारेच्या सारे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. रानड्यांनी ज्याला भित्रे म्हटले ते भांडवल लोकभावनेच्या बळावर धीट झाले. 16 फेब्रुवारी 1912 रोजी साकचीला पोलाद तयार झाले. दल्ली-राजहराची टेकडी मात्र होती तशीच राहिली.

ती राहिली ती आणखी जवळजवळ अर्धशतक. ह्या काळात नेमके काय बदलले? मुंबई-हावडा हमरस्त्याची रेल्वे भिलाईवरून आधीच जात होती. 1921 च्या सुमारास तांदुला नदीवरचे धरण पुरे झाले होते. ते बांधले शेतीसाठी, परंतु पुढे कारखान्याची तहान त्याच्याच कालव्याने प्रथम भागविली. झरिया आणि बोकारोकडचा कोळसा आगगाडीने आणणे आता अशक्य राहिले नव्हते. चुनखडी जवळच नंदिनीला होती, डोलोमाइट बिलासपूरकडे हिर्रीला, आणि कोरब्याला वीज निर्माण होणार होती. हे सारे असले तरी एवढा व्याप अंगावर घेणारा संयोजक खाजगी क्षेत्रात नव्हता. तो झाला स्वतंत्र भारताचा शासनसंस्थारूप संयोजक.

2 फेब्रुवारी 1955 रोजी दिल्लीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. वर्षाला 10 लाख टन पोलाद काढणारा कारखाना उभारण्याचे ठरले. यंत्रसामग्रीसाठीचे कर्ज अडीच टक्के व्याजाने मिळावयाचे आणि 12 वार्षिक हप्त्यांनी फेडावयाचे होते. भांडवल आणि व्याज यांचा धडा शिकविताना ह्याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. जेव्हा हे ठरले तेव्हा दुर्ग जिल्हा मध्य प्रदेशात होता, आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी कारखाना छत्तीसगडात यावा म्हणून आपले वजन खर्ची घातले. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि भिलाईचा कारभार भोपाळकडे गेला. 1904 साली ज्या नागपुरात टेकडीचा पत्ता लागला, त्याच नागपुरात राजधानी असताना तिचे भाग्य उघडले, हा योग मोठा मनोहर आहे.

पुढे काम झपाट्याने झाले. भारतीय बाजूने नागरी सेवेतील एन. सी. श्रीवास्तव हे व्यवस्थापक आणि सोव्हिएत बाजूने अभियंते दिमशित्स ह्यांनी ते पुढे नेले. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. 10 लाख टनांचा टप्पा 1961 साली पुरा झाला, 1967 साली क्षमता 25 लाख टनांवर गेली आणि 1988 च्या सुमारास ती 40 लाख टनांची झाली. आपण ज्या आगगाडीत बसतो, तिच्याखालचे रूळ बहुतांशी भिलाईचे असतात.

येथवर कथा सुखाची आहे. परंतु शिक्षकाने येथेच थांबावे असे मला वाटत नाही. आपण ‘भूमी’ म्हणतो आणि पुढे जातो. ही भूमी कोणाची होती? ती भाताची शेते होती, गावे होती, तळी होती. अनेक गावांच्या जमिनी कारखान्यासाठी आणि वसाहतीसाठी संपादन करण्यात आल्या. शेतकऱ्याला नुकसानभरपाई मिळाली आणि पुष्कळांना पुढे नोकऱ्याही मिळाल्या; तरी ज्याची पेरणी कायमची थांबली, त्याच्या लेखी भूमी हा शब्द पुस्तकातल्या शब्दाहून निराळा होता. ‘श्रम’ म्हणतो तेव्हाही हेच. आरंभी स्थानिक माणसे कारखान्यात पाऊल ठेवावयास कचरत होती. अशा प्रचंड भट्ट्यांना नरबळी लागतो, ही अफवा त्या काळी गावोगाव पसरलेली होती. ज्याने आगीचा असा डोंगर कधी पाहिलेला नाही, त्याच्या भयाला हसण्याचे कारण नाही. म्हणून पहिले कामगार पुष्कळसे बाहेरून आले. पंजाब, बंगाल, आंध्र, केरळ, महाराष्ट्र अशा सर्व भागांतून आले. मातीच्या पाट्या डोक्यावर वाहणाऱ्या छत्तीसगडी स्त्रिया, ज्यांना तिकडे ‘रेजा’ म्हणतात, त्यांचे कष्ट ह्या पायात किती मुरले आहेत, याचा हिशेब कोणत्या खातेवहीत सापडावयाचा?

ह्या प्रश्नाने सर्वांत तीव्र रूप घेतले ते त्याच दल्ली-राजहराच्या खाणींत. कारखान्यातील कायम कामगाराला पगार, घर, दवाखाना, शाळा हे सर्व होते. त्याच कारखान्यासाठी खाणीत घणाने दगड फोडणारा कंत्राटी मजूर मात्र यांपैकी बहुतेक गोष्टींना वंचित होता. 1977 साली त्या मजुरांची संघटना उभी राहिली आणि शंकर गुहा नियोगी तिचे नेते झाले. त्या वर्षीच्या जूनच्या आरंभी गोळीबार झाला आणि 11 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमांतून शहीद रुग्णालय उभे केले. ते 1983 साली सुरू झाले. नियोगींची हत्या 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत झाली.

त्या संघर्षातील एक वाद अर्थशास्त्राच्या वर्गात मांडण्याजोगा आहे. व्यवस्थापनाला खाणीत यंत्रे आणावयाची होती. यंत्रे आली असती तर हजारो हात रिकामे झाले असते. संघटनेने यंत्राला सरसकट नकार दिला नाही. काही कामे यंत्राने आणि काही हाताने, अशी अर्धयांत्रिकीकरणाची योजना तिने पुढे ठेवली. पुस्तकात ज्याला आपण ‘श्रमाच्या जागी भांडवलाचा वापर’ म्हणतो, तो येथे माणसांच्या चुलींचा प्रश्न झाला होता. घणाने दगड फोडणाऱ्या निरक्षर मजुरांनी उत्पादनघटकांच्या प्रमाणाचा विचार मांडावा, ही गोष्ट कोणत्याही विद्यापीठाने दखल घ्यावी अशी आहे.

‘प्रमाण’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. 1918 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भारतातील शेतीच्या लहान तुकड्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, म्हणजे व्यापारविषयाच्या विद्यार्थ्यांना हाच विषय शिकवू लागले. शेत लहान आहे म्हणून ते तोट्याचे, असे त्या वेळचे बहुतेक लेखक म्हणत. आंबेडकरांचे म्हणणे असे की, शेताच्या केवळ आकारावरून काही ठरत नाही. त्या शेतावर श्रम किती, भांडवल किती, आणि त्या सर्वांचे परस्परप्रमाण योग्य आहे की नाही, यावर ते अवलंबून आहे. भारतीय शेतीत भांडवल तोकडे आणि माणसे फार, हे तिचे खरे दुखणे. आणि ती जास्तीची माणसे उद्योगधंद्यांत सामावून घेणे हा त्यावरचा उपाय. भिलाईकडे ह्या दृष्टीने पाहिले म्हणजे तिचे यश आणि तिची वेदना दोन्ही उलगडतात. हजारो कुटुंबांना तिने शेतीच्या बाहेर काढून स्थिर जीवन दिले. 1980 नंतरच्या दशकात कारखान्याच्या आणि खाणींच्या कायम नोकरवर्गाची संख्या 60,000 च्याही वर गेली होती. पुढे उत्पादन वाढत राहिले आणि ही संख्या मात्र घटत गेली. तिची जागा थोडी यंत्रांनी आणि बरीचशी कंत्राटी मजुरांनी घेतली. म्हणजे प्रमाण पुन्हा बदलले. ते कोणाच्या हिताचे बदलले, हे प्रत्येक पिढीने नव्याने विचारावयाचे आहे.

मी शासनसेवेतील माणूस आहे. आमच्या व्यवहारात भूमीचे खाते वेगळे, कामगारांचे वेगळे, वित्ताचे वेगळे आणि उद्योगाचे वेगळे असते. कामाच्या सोयीसाठी हे आवश्यकच आहे. परंतु चार खात्यांत चार कागद फिरू लागले की त्या चारांच्या मागे असलेले गाव एकच आहे, हे विसरावयास फार वेळ लागत नाही. पाठ्यपुस्तकातील चार घटकांचेही तसेच होते. विश्लेषणासाठी आपण ते वेगळे करतो, आणि पुन्हा जोडावयाचे राहून जाते.

म्हणून स्मृतिनगरच्या, किंवा कोणत्याही गावच्या, शिक्षकाला मी एक साधी पद्धत सुचवीन. मुलांकडून चार व्याख्या पाठ करून घेण्याआधी त्यांच्यासमोर रुळाचा एक तुकडा ठेवावा. तो न मिळाल्यास घरातली लोखंडी कढई किंवा तवाही चालेल. मग विचारावे : ह्यातले खनिज कोठून आले? कोळसा कोठून? पाणी कोणत्या नदीचे? जमीन आधी कोणाची होती आणि तिच्यावर काय पिकत होते? पैसा कोणी दिला, किती व्याजाने, आणि तो कोणी फेडला? काम कोणी केले, आणि त्याला काय मिळाले? ह्या सर्वांना एकत्र आणण्याचे धाडस कोणी केले, आणि ते फसले असते तर तोटा कोणाच्या माथी बसला असता? ज्या वसाहतीत एखाद्याचा आजोबा भट्टीवर, दुसऱ्याचा कार्यालयात, तिसऱ्याचा कंत्राटदाराकडे आणि चौथ्याचा शेतावर राबत असे, तेथील मुलांना ह्या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात शोधावी लागणार नाहीत. ती घरीच मिळतील. खंड, वेतन, व्याज आणि नफा हे शब्द मग नुसते शब्द राहणार नाहीत.

महाराष्ट्रातील शिक्षकांनाही हे उदाहरण परके नाही. जुन्या चांदा जिल्ह्यातूनच 1982 साली निघालेल्या गडचिरोलीत, एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर आता लोहखनिज काढले जात आहे. श्वार्ट्झ ज्या मुलखाविषयी 1882 साली लिहीत होता, त्याच मुलखात तो प्रश्न दीडशे वर्षांनी पुन्हा उभा आहे. तिकडे छत्तीसगडात दल्ली-राजहराचे उत्तम खनिज सरत आले आणि भिलाईची दृष्टी रावघाटच्या डोंगराकडे वळली आहे. भूमी हा घटक अक्षय नाही, हेही विद्यार्थ्याने शिकलेच पाहिजे. दोन्हीकडे खनिज आहे, भांडवल आहे, संयोजक आहे आणि कामाची वाट पाहणारे हात आहेत. घटक चारही आहेत. त्यांचा मेळ कसा घालावयाचा, कोणाला विचारून घालावयाचा, आणि त्यातून निघणाऱ्या संपत्तीत डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाचा वाटा किती, हे अजून ठरावयाचे आहे. ते ठरविणारी माणसे आज कोठल्या तरी वर्गात बसून भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन ह्यांच्या व्याख्या वहीत उतरवून घेत आहेत.